पाचव्या खाटेवरचा पेशंट

पातूरकडच्या एका गावच्या सरकारी दवाखान्याला बक्षीस मिळवायचं ठरलं, तेव्हा पहिलं काम झालं ते पेशंट हाकलायचं. पेशंट आले की फरशी खराब होते, आणि स्वच्छतेला मार्क असतात.

साल बोंडअळीचं होतं. नेमकी तपासणीच्या दिवशी नईमा नवऱ्याला घेऊन आली. दाऊद लोकांच्या कपाशीवर फवारणी करायचा. पंप पाठीवर गळत होता. दुपारी त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, घाम फुटला, उलट्या सुरू झाल्या. गावातल्या गोपालच्या ऑटोत घालून तिनं त्याला आणलं. फाटकात माणिकबाई आया रांगोळी काढत बसली होती.

"आज दवाखाना बंद हाय, भाभी."

"बंद कसा? दरवाजे तं सारे उघडे हायेत!"

"तपासणी हाय. अकोल्याहून मोठे साहेब येऊन राहिले. रांगोळीवर पाय नोको देऊ, माय!"

"मावशी, मानूस मरून राहिला माहा!"

"मंग अकोल्याले ने."

"गाडी द्या दवाखान्याची."

गाडी धुऊनपुसून, झेंडूचे हार घालून सावलीत उभी होती. साहेबांनी पाहिल्याशिवाय ती हलणार नव्हती.

नईमानं खिडकीतून आत पाहिलं. नव्याकोऱ्या चादरींवर चार धडधाकट पेशंट निजले होते. सरपंचाचे साडू वामनराव तर डोक्याला पट्टी बांधून पान चघळत होते. पाचवी खाट रिकामी होती.

"थ्या खाटेवर कोन हाय?"

"देवमन होता. सुई पाहूनच पळाला," आजारी माणसासमोर बसून माणिकबाईनं कपाळाला हात लावला. "आता मी पेशंट कुठून आनू?"

"याले निजवा न!"

माणिकबाईनं दाऊदला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चादरीवर ओकला तं?"

"नाई ओकत," म्हणून नईमानं आपली ओढणी त्याच्या तोंडाखाली धरली.

अशा रीतीनं खऱ्या पेशंटाला खोट्याची जागा मिळाली. शेवटची नजर फिरवायला आलेले डॉक्टर पाचव्या खाटेपाशी थबकले.

"वा! याला म्हणतात पेशंट. वामनराव, शिका जरा. फक्त लाळ थोडी कमी कर बाबा, साहेबांसमोर बरं दिसत नाही."

"डॉक्टरसायेब, हे खरंच बिमार हायेत!"

"अगदी असंच म्हणायचं," डॉक्टर खूश होऊन म्हणाले आणि हार आला का ते बघायला गेले.

साहेब आले. वामनरावांनी पाठ केल्याप्रमाणे 'समाधान आहे' म्हणून सांगितलं. पाचव्या खाटेपाशी येऊन साहेबांनी विचारलं, "सेवा कशी वाटली?" दाऊदनं उत्तर साहेबांच्या बुटांवर ओकलं.

डॉक्टर पांढरेफटक पडले. पण साहेब अधिकारी होण्याआधी डॉक्टर होते, आणि जुनी खोड अजून गेली नव्हती. त्यांनी बॅटरी मारून दाऊदचे डोळे पाहिले.

"बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात! फवारणीचं विष आहे हे. उताऱ्याची सुई, अ‍ॅट्रोपिन, आहे का?"

"आहे ना साहेब, भरपूर!" डॉक्टरांनी अभिमानानं काचेच्या कपाटाकडे हात केला. औषधं रांगेत, लेबलं समोर, आणि बाहेर नवं कुलूप. चावी देवीदास कंपाउंडरच्या खिशात होती, आणि देवीदास पेढे आणायला पातूरला गेला होता.

"येईलच इतक्यात," डॉक्टर म्हणाले.

नईमानं सत्काराच्या ताटातला नारळ उचलला आणि कपाटाच्या काचेवर घातला.

सुया टोचल्या गेल्या. मग दाऊद हार-फुलांच्या गाडीतून अकोल्याला गेला. रस्त्यातल्या लोकांना वाटलं, कोणी पुढारीच चालला. तो वाचला, चालत घरी आला.

दवाखान्याला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं हुकलं, कारण अहवालात एकच शेरा होता : औषधांच्या कपाटाची काच फुटलेली आढळली.

पुढच्या साली माणिकबाई नईमाच्या दारात उभी.

"भाभी, उद्या परत तपासणी हाय. डॉक्टरसायबानं दाऊदभाईले बलावलं हाय. म्हनतात, त्याच्यासारखा कोनी निजतच नाई."

"येतीन न. पन कपाटाची चाबी माह्यापाशी राहीन."

"थे कसं जमन? चाबी तं देवीदासपाशीच राह्यते."

"बरं," नईमा म्हणाली. "मंग नारळ मी घरूनच आनते."