बडीशेपेचा डबा

आक्का पानावरून उठल्या. भात कालवलेला तसाच, ताकाची वाटी भरलेली आणि पाटाशेजारी बडीशेपेचा डबा उघडा. त्यात बडीशेप नव्हती. माणसांचे दात होते, मुळांसकट, धुऊन वाळवलेले.

"हाडं!" आक्का ओरडल्या. "माझ्या सैपाकघरात हाडं आणली ह्या बाईनं!"

जेवताना हाड नजरेला पडलं की पान सोडायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा आक्कांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा नेम. आम्ही जैन, पण आमच्या कसबा बावड्यातल्या घरात हा नेम एवढ्या कडकपणे फक्त त्याच पाळत. सहा वर्षांची माझी त्रिशला पदराआडून डब्यात डोकावत होती. ती एखादा दात तोंडात घालेल, एवढंच माझ्या मनात आलं. मी आधी झाकण लावलं.

चंदनावन्सं ड्यूटीची साडी नेसत होत्या, तशाच निऱ्या हातात धरून बाहेर आल्या.

"ती बडीशेप न्हाय, आक्का."

"ते दिसलं की मला! बाकीचं सांग."

बाकीचं असं होतं. वन्सं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. इंटर सायन्सला चांगले मार्क पडले त्याच वर्षी वडील गेले, घर चालवायला त्या नोकरीला लागल्या आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे हे, शिकून साखर कारखान्यात चिकटले तरी कानांवरचा हेडफोनचा पट्टा उतरला नाही. आता बत्तिसाव्या वर्षी त्यांनी मुंबईच्या डेंटल कॉलेजात अर्ज केला होता आणि मुलाखतीला बोलावणं आलं होतं. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायला लावतात, आतापासूनच हात बसवा, असं शाहूपुरीतल्या दातांच्या डॉक्टरांनी सांगून नमुन्याला हे दात दिले होते.

"सरकारी नोकरी सोडून लोकांच्या तोंडात हात घालणार?" आक्का म्हणाल्या. "तुझ्या वयाच्या बायकांची पोरं शाळंत जात्यात."

"तू जाऊ नको म्हण. मी न्हाय जाणार. पण तोंडानं म्हण."

आक्कांनी पदर तोंडाला लावला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. त्या दिवसापासून त्या वन्संशी बोलेनाशा झाल्या. ना हो म्हणाल्या, ना नाही. सोमवारी मुलाखत, शनिवारी सकाळी निघायचं. वन्संनी बॅग काढलीच नाही.

डबा शेजारच्या नजीराभाभींकडे गेला. त्यांनी तो कोनाड्यात ठेवला आणि हसत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की हितं! आमच्यात बोकडाची हाडं चालत्यात, माणसाच्या हाडांनी काय पाप केलंय?"

मग ड्यूटीवरून आल्या की वन्सं भाभींच्या कट्ट्यावर बसत. मेणबत्तीचा तुकडा, केसांतला आकडा आणि समोर एक दात. मी त्रिशलाला घेऊन जवळ बसे. खरं सांगायचं तर लक्ष ठेवायला. मी सांगलीची बी.ए.; मला जंतू ठाऊक आहेत.

"हे कुठनं डोक्यात आलं तुमच्या?" एकदा मी विचारलं.

वन्संचा आकडा थांबला नाही. "एक म्हातारं हाय. दर रविवारी मुंबईला पोराला ट्रंक कॉल लावतंय. आधी समजायचं. मग एकेक दात गेला, तसं बोलणं निसटाय लागलं. पोरगं म्हणायचं, बाबा, काय कळंना, ठेवतो. मग मधी मीच सांगायची, 'ते विचारत्यात जेवलास का. ते म्हणत्यात दिवाळीला ये.' किती दिवस मी त्याचं तोंड व्हायचं? त्याचं त्याला मिळालं पायजे की."

त्यांनी एक दाढ माझ्या तळहातावर ठेवली. मी हात मागे घेणार होते, घेतला नाही. वर जेवढं दिसतं त्याच्या दुप्पट खाली. तीन मुळं, वाकलेली, उपटलेल्या रोपासारखी. एवढं खोल रोवलेलं काहीतरी माझ्याही तोंडात आहे आणि त्याच्यावर मी रोज निवांत भाकरी चावते, याचं मला नवल वाटलं. जिभेनं मी माझ्या दाढा चाचपून पाहिल्या.

शुक्रवारी त्रिशला भाभींच्याच पायरीवर पडली. हनुवटी आपटली, तोंडभर रक्त. "रिक्षा आणा! डॉक्टर!" एवढंच मी ओरडत होते.

"वैनी, गप. पोरगी तुमच्याकडं बघून रडाय लागलीया." वन्संनी हात साबणानं धुतले, त्रिशलाला उजेडाकडे तोंड करून मांडीवर घेतलं. "आ कर, माझे राणी. फोनमधी हॅलो म्हणतीस तसा." ओल्या फडक्यानं खालचा ओठ टिपला. खालचा पुढचा दात एका बाजूला लोंबत होता. वन्संनी तो चिमटीत धरला, आणि त्रिशलाचं रडणं पुन्हा सुरू व्हायच्या आत तो त्यांच्या तळहातावर आला होता.

"दुधाचा हाय. पडायचाच हुता." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हात धुवा आणि हितं लावा."

दात पडलेल्या जागेमागे हिरडीवर मी बोट टेकवलं. बोटाला धार लागली. बारीक, टणक, करवतीसारखी.

"हे कधी आलं?"

"आलं न्हाय. हुतंच. ही तुमच्या पोटात हुती, तवाच ह्याचा कोंब धरलाय."

मी बोट काढू शकले नाही. त्या दिवसांत मला सगळ्याची भीती होती. जिन्याची, ग्रहणाची, प्रत्येक ओकारीची. माझ्या चुकीनं काहीतरी राहून जाईल, बिघडेल, असं वाटून मी झोपत नसे. आणि तेव्हा माझ्या आत, मला न विचारता, सहा वर्षांनी लागणारा दात रुजत होता. पहिला यायच्या आधीच दुसऱ्याची सोय. मी एवढी घाबरत होते आणि काम चालूच होतं.

"अल्ला," नजीराभाभी हळूच म्हणाल्या. त्यांनीही बोट लावून पाहिलं होतं.

मान वर केली तर आमच्या दारात आक्का उभ्या. पदर तोंडाला. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. नजर मात्र त्रिशलाच्या तोंडावर नव्हती. वन्संच्या हातांवर होती.

शनिवारी पहाटे मी उठले तर वन्संची बॅग दाराशी भरलेली. त्यांनी भरली नव्हती. साड्यांच्या घड्या आक्कांच्या हातच्या होत्या. पाया पडायला वन्सं वाकल्या तेव्हा आक्कांनी पदराची गाठ सोडली. आत एक दात होता. धुतलेला, पिवळसर, लांब मुळाचा.

"काल पडला. आपसूक. कुणी उपटला न्हाय, कुणाचा जीव दुखावला न्हाय. ठेव तुझ्या डब्यात."

वन्सं त्या दाताकडे बघत राहिल्या. "दोन महिने हलत हुता."

"तुला कुणी सांगितलं?"

"सकाळी णमोकार म्हणतीस की. 'णमो सिद्धाणं'ला दातातनं वारा सुटत हुता."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू तोंड उघडायची वाट बघत हुते. तू का न्हाय सांगितलंस?"

आक्कांनी बॅगेचा पट्टा उगीच घट्ट केला. "सांगितलं असतं तर बसली असतीस हितंच. आईला दुखतंय म्हणून. बापाच्या वेळंला बसलीस तशी." मग एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "आता जा की! यष्टी काय तुझ्यासाठी थांबतीया?"

भाभींच्या कोनाड्यातला डबा आला. दात आत पडल्याचा टण्ण आवाज झाला. आमचे हे बॅग घेऊन पुढे, वन्सं मागे. कोपऱ्यावर त्यांनी वळून पाहिलं नाही. दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरला होता.

आक्का आंघोळ करून आल्या आणि णमोकार म्हणायला बसल्या. सगळं घर ऐकेल असं, पदर खांद्यावर, तोंड मोकळं. मधूनच शब्द फटीतून निसटत होते. त्रिशला समोर जाऊन बसली, स्वतःची फट जिभेनं चाचपत, आणि जप संपेपर्यंत कशीबशी थांबली.

"आज्जी, तुला पण तिथं नवा येणार?"

"न्हाय गं बाळा," आक्का म्हणाल्या. "माझा मुंबैला गेला."