अकिता शाखेचं कार्ड

नागुमो साहेबांनी गाडीत डबा खाल्ला, चहा घेतला आणि झोपून गेले. मी तोक्योपासून एकच वाक्य तोंडात घोळवत बसले होते. साहेब, मला अकिताला जायला जमणार नाही. एवढंच. मोरिओका स्टेशनला ते जागे झाले तेव्हा मी तोंड उघडलंही.

"साहेब, बदलीबद्दल जरा बोलायचं होतं."

"आधी आजचं काम उरकू," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून परत झोपले.

आमची कंपनी लोणच्याच्या पिशव्या बंद करायची यंत्रं बनवते आणि अकितात लोणचीवाले रग्गड. तिथली शाखा मी सांभाळावी हा विषय साहेबांनी गेल्या महिन्यात काढला होता. 'विचार करून सांगते,' असं मी म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ 'नाही' असाच होतो आणि साहेबांना तो माझ्यापेक्षा चांगला कळतो. माझा नवरा कोहेइ इतकी वर्षं दुसऱ्याच्या भट्टीवर राबला आणि यंदा त्याने स्वतःची बेकरी काढली. पहाटे तो पाव भाजतो, ऑफिसला निघेपर्यंत मी गल्ल्यावर बसते. मी गेले तर एक तर बेकरी बंद, नाही तर आमचं तोंड एकमेकांना फोनवरच दिसणार. सकाळी मी बूट घालत होते तेव्हा तो पिठाच्या हातांनीच दाराशी आला.

"आज सांगशील ना?"

"सांगते रे," मी म्हणाले.

अकितातल्या ओनोदेरांच्या लोणच्याच्या कारखान्यात आम्हाला दारापासून लांबच्या, पाहुण्यांच्या कोचावर बसवलं. चहा आला. साहेबांनी बॅगेतून एक पांढरी डबी काढून माझ्यापुढे ठेवली.

"ही घ्या. जुनी कार्डं आत टाका आता."

मी डबी उघडली. प्रत्येक कार्डावर माझं नाव: मिनेगिशी सायो, अकिता शाखाप्रमुख. नवी कोरी कार्डं, शाईचा वाससुद्धा गेला नव्हता.

"साहेब, मी अजून हो म्हटलेलं नाही."

"'नाही' असं तरी कुठे म्हणालात?"

"विचार करते म्हणाले होते."

"मग झाला असेल की करून. महिना उलटला." ते हसले. "आणि कार्डं संपलीत असं सांगू नका हं. शंभर छापून आणलीत."

कार्डं संपली, मागाहून पोस्टाने पाठवते, ही आमच्यातली सभ्य पळवाट. ती या माणसाने आधीच बुजवली होती. मला इतका राग आला की त्या रागातच मी एक ठरवून टाकलं. ओनोदेरांना जुनंच कार्ड द्यायचं. तोक्यो, विक्री विभाग. तोंडाने बोलायला नको, गिऱ्हाइकासमोर साहेबांचं नाक कापलं जाईल आणि विषय संपेल. त्यांना दाखवायला मी नवी कार्डं कार्डकेसमध्ये सरकवली, पण जुनं एक सगळ्यांत वर ठेवलं.

दार उघडलं तसे आम्ही उठलो. ओनोदेरांनी ऐंशी कधीच ओलांडली असावी. टेबलावरून हात लांब करून कार्ड देतात ते अडाणी, म्हणून आम्ही वळसा घालून त्यांच्याजवळ गेलो. आधी साहेबांची देवाणघेवाण झाली. मग ते माझ्याकडे वळले. कार्ड दोन्ही हातांनीच द्यायचं असतं, म्हणून त्यांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली.

"नागुमो साहेब म्हणाले, तुम्ही इकडेच राहायला येताय. बरं वाटलं. तुमचे तोक्योवाले यंत्र बसवतात आणि पुढे फोन उचलत नाहीत."

असं म्हणून ते वाकले. गिऱ्हाइकाच्या कार्डापेक्षा आपलं कार्ड खाली हवं, म्हणून मी हात खाली नेले. त्यांनी त्यांचे आणखी खाली नेले. मी त्याहून खाली. म्हाताऱ्याचे गुडघे लटपटायला लागले, पण ते काही थांबेनात. त्यांना वर उठवायचं तर मला द्यायलाच हवं होतं. आणि नेमक्या त्या वेळी माझ्या अंगठ्याने वरचं जुनं कार्ड मागे सारलं. मी सारलं असं अजूनही म्हणवत नाही, पण अंगठा माझाच होता. मुक्याने कार्ड देत नाहीत, नाव आणि हुद्दा बोलावाच लागतो. तोही मी बोलले.

"अकिता शाखेची मिनेगिशी. लोभ असावा."

बसल्यावर ओनोदेरांनी स्वतःची कार्डकेस टेबलावर आडवी ठेवली आणि तिच्यावर माझं कार्ड ठेवलं. तो मान सगळ्यांत मोठ्या माणसाचा. साहेबांचं कार्ड शेजारी नुसत्या टेबलावर होतं आणि तरी साहेब खुशीत होते. मग यंत्रं, सुटे भाग, देखभाल असं बराच वेळ चाललं. मी समोरच्या माझ्या नावाकडे बघत होते. हात लांबवला असता तर सहज पोचला असता. पण दिलेल्या कार्डाला कोणी हात लावत नाही.

"घराचंही बघून ठेवलंय," ओनोदेरा मला म्हणाले. "माझ्या पुतण्याचं आहे, स्टेशनजवळ. बर्फ काढायला माणूस देतो, तुम्हा तोक्योवाल्यांना ते जमायचं नाही."

"फार उपकार झाले," माझ्या वतीने साहेबच बोलून मोकळे झाले.

टॅक्सी निघाली आणि मी म्हणाले, "साहेब, मला खरंच जमणार नाही."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर भांडता तरी आलं असतं.

"मग गाडी वळवायला सांगू? जा आणि कार्ड परत मागून आणा."

मी मागच्या काचेतून पाहिलं. आम्ही नजरेआड होईपर्यंत वर बघायचं नाही म्हणून ओनोदेरा फाटकाशी वाकूनच उभे होते. काठी एका हातात, टक्कल पावसात भिजत होतं. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. मी पुढे तोंड करून बसले, टॅक्सी वळणावर गेली.

स्टेशनवरून कोहेइला फोन लावला. मागे ट्रे आपटल्याचा आवाज येत होता.

"सांगितलंस?"

"नाही. मी त्यांना कार्ड दिलं."

"कसलं कार्ड?"

"साहेबांनी छापून आणलं होतं. अकिता शाखाप्रमुख."

ट्रेचा आवाज थांबला. "कुणाला दिलंस? साहेबांना परत?"

"गिऱ्हाइकाला."

"दोन्ही हातांनी?"

"हो."

भट्टीकडे वळण्याआधी तोही दहा वर्षं ऑफिसात काढलेला माणूस. त्याने भांडण केलं नाही, का दिलंस असंही विचारलं नाही. भट्टीचं दार बंद केल्याचा आवाज आला.

"कधी जायचंय?" त्याने विचारलं.