आवाजासाठी पाडलेलं भोक

मी बोलायला लागलो की आधी खरखर ऐकू येते, मग कानठळ्या बसवणारी किरकिर. त्यामुळे माझं कोणी फारसं ऐकून घेत नाही. पण आज सांगतोच. मी होल सॉ. गोल करवत म्हणा हवं तर. पत्र्याला, लाकडाला, प्लास्टिकला गोल भोक पाडणं हा माझा धंदा, आणि त्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

जन्म माझा कारखान्यातला. लांब पोलादी पट्टीच्या काठाला दात कापले, एक किंचित आत, एक किंचित बाहेर असे वाकवले आणि पट्टी वळवून तिची टोकं जोडली. वर जाड झाकण बसलं, त्याच्या मधोमध वाट दाखवणारा बारीक ड्रिल. माझी भावंडं कुणी नाण्याएवढी, कुणी वाटीएवढी. मी चांगला बशीएवढा. दुकानात भावंडं भराभर खपली आणि मी खिळ्याला लटकत राहिलो. गिऱ्हाईक मला हातात घ्यायचं, "एवढं मोठं भोक कोणाला लागतंय!" म्हणायचं आणि परत ठेवायचं.

ज्यांना लागत होतं ते एकदा आले. ते मिस्त्री. लोकांच्या स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकणारे पंखे नि पाइप बसवायचे. त्यांनी माझ्या दातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चल रे, तुझ्यासारखाच पाहिजे होता." मी त्याच क्षणी त्यांचा झालो.

मिस्त्री म्हणजे अखंड बडबड. भिंतीशी बोलायचे, पाइपाशी बोलायचे. पंखा खाचेत बसेना की त्याला समजावायचे, "ये ना बाबा, लाजतोस काय पाहुण्यासारखा?" घरमालकीण हसायची. मी फिरायला लागलो की त्यांचा आवाज माझ्या वर चढायचा. कितीतरी पत्रे आम्ही दोघांनी भेदले, आणि प्रत्येक भोक असं गोल की बघणाऱ्यानं बघत राहावं.

मग त्यांचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

त्या दिवसापासून मिस्त्रींनी बोलणंच टाकलं. घोगरा का होईना, आवाज अजून होता, पण ते मानेनं हो-नाही करायचे. बायकोनं विचारलं, "अहो, असं का करता?" तेव्हा म्हणाले, "जाणारच आहे ना? मग आतापासून सवय करतो." हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली. तिथल्या ओलसर काळोखात माझ्या दातांवर तांबूस गंज धरला. पण मी खचलो नाही. पोलाद आहे मी. वरचा गंज म्हणजे नुसता मळ.

मिस्त्रींची मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. ते तिला लाडानं ठमाबाई म्हणायचे. रुग्णालयात बोलणं शिकवणाऱ्या बाई तिला म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी बाबांची भरपूर वाक्यं रेकॉर्ड करून ठेव. पुढे ते नुसतं टाइप करतील आणि कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलेल. फक्त मागे कसला गोंगाट नको."

इथेच घोडं अडलं. रुग्णालयात जाऊन माइकसमोर बसायला मिस्त्री साफ नाही म्हणाले. घरचा कॉम्प्युटर जुना, त्याचं लोखंडी कॅबिनेट चारी बाजूंनी बंद. आत दोन छोटे पंखे. यंत्र तापलं की ते असे किंचाळायचे की रेकॉर्डिंगमध्ये तेच ऐकू यायचे. पंखे काढावेत तर यंत्र तापून बंद पडायचं. ठमाबाईनं शोध घेतला. वर एक मोठा पंखा बसवला, तर तो सावकाश फिरूनही तेवढीच हवा ओढेल आणि आवाज होणार नाही. पंखा आला. पण कॅबिनेटच्या वरच्या पत्र्याला भोक कुठे होतं?

सुट्टीच्या सकाळी तिनं पेटी ओढून मागच्या ओट्यावर आणली. मिस्त्री खुर्चीत बसले होते, तोंडासमोर वर्तमानपत्र. तिनं पत्र्याची कात्री उचलली. मी पेटीत पडल्या पडल्या म्हटलं, आता या पत्र्याचं काही खरं नाही.

"ठेव ती कात्री," वर्तमानपत्रामागून आवाज आला. घोगरा, पण मिस्त्रींचाच. "कडा मुडपेल. शिवाय ती मधोमध घुसवणार कशी? आणि आतली सगळी यंत्रं आधी बाहेर काढ."

"सगळी?"

"सगळी. लोखंडाचा कीस आत राहिला तर कॉम्प्युटरच जळेल. मग मी काय, तुझ्या आईच्या आवाजात बोलू?"

आतून आई हसली. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणी हसलं.

ठमाबाईनं मुकाट्यानं आतल्या पट्ट्या, तारा, सगळं काढून चादरीवर मांडलं. कॅबिनेटचा नुसता सांगाडा राहिला. मग तिनं शेजारच्या वेल्डरकडून आणलेला ग्राइंडर पुढे केला.

"त्यानं गोल कापणार? तो सरळ चालतो. ठिणग्या उडतील, रंग जळेल, वर वेल्डर हसेल ते वेगळंच."

"मग जिगसॉ?"

"जिगसॉ चालेल. धातू कापायचं बारीक दातांचं पातं लावायचं. पण पत्रा पातळ आहे, थडथडेल, आणि तुझा हात नवा. गोल कापायला जाशील आणि बटाटा कापशील." वर्तमानपत्र एव्हाना जमिनीवर होतं. मिस्त्री पेटीशी उकिडवे बसले आणि त्यांनी पायऱ्यापायऱ्यांचा शंकूसारखा ड्रिल वर काढला. "हा तारेच्या भोकाला. झकास पाडतो, पण अंगठ्याएवढंच. पंख्याला मात्र..."

त्यांनी मला उचललं. गंज बघून त्यांचा चेहरा पडला. "अरेरे, काय अवस्था करून ठेवली मी तुझी," म्हणत त्यांनी रॉकेलच्या फडक्यानं माझा एकेक दात पुसला. मग पंख्याच्या तोंडावर मला ठेवून बघितलं. तंतोतंत. मला नवल वाटलं नाही.

पुढची सगळी तयारी त्यांनी सांगायची आणि तिनं करायची. पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे रंगावर ओरखडे येणार नाहीत. मध्य काढून खिळ्यानं खूण ठोकली. पत्र्याखाली लाकडी फळी शिकंज्यानं आवळली. डोळ्यांवर चष्मा, ड्रिलचा वेग अगदी कमी, दातांवर तेलाचा थेंब.

मिस्त्रींनी मला जोडलेला ड्रिल हातात घेतला आणि मी फिरायला लागलो. पण त्यांच्या मनगटात पूर्वीची ताकद नव्हती. माझ्या एका बाजूचे दात पत्र्यात रुतले आणि ड्रिलनं असा हिसका दिला की तो हातातून सुटला. मिस्त्री आपल्या हातांकडे बघत राहिले. परत खुर्चीत जाऊन बसतील आणि पुन्हा तोंडासमोर कागद धरतील, असं मला वाटलं.

"बाबा," ठमाबाई म्हणाली, "ड्रिल मी धरते. तुम्ही नुसते बोलत राहा."

तिनं दोन्ही हातांनी ड्रिल धरला, कोपर अंगाशी दाबून. मिस्त्रींनी डोळे मिटले.

"चालू कर. सरळ. डावीकडे कलतेस... हां. दाबू नकोस, त्याला त्याच्या चालीनं जाऊ दे. आता चिरका आवाज येतोय, थांब. तेल. परत घे. कीस पडतोय ना? बघ, काय मजेत खातोय तो! आता पत्रा सुटत आला, हात हलका कर... हलका..."

आणि पत्र्याची गोल चकती माझ्या पोटात अडकून बाहेर आली.

कडा धारदार होती. तिच्यावर अर्धगोल कानस फिरली, मग रबराची पट्टी बसली. कीस ब्रशनं झाडला, ओल्या फडक्यानं पुसला, तरी मिस्त्रींनी कोपरे दोनदा तपासायला लावले. छोटे पंखे सोडून बाकी सगळं जागेवर बसवून कॉम्प्युटर चालू केला तेव्हा आईनं विचारलं, "चालू झाला का गं?" पंखा फिरत होता आणि कोणाला ऐकू येत नव्हता.

ठमाबाईनं मला कॉम्प्युटरवरच्या भिंतीला खिळा ठोकून टांगलं. "हा आता पलंगाखाली जायचा नाही," ती म्हणाली. त्यामुळे पुढचं सगळं मी समोर बघितलं.

मिस्त्री माइकसमोर बसले. घसा दुखायचा, थोडं बोलून पाणी प्यायचे. छापील वाक्यं वाचताना आधी शाळेतल्या मुलासारखे अडखळायचे, मग चिडायचे. "ही वाक्यं लिहिली कोणी? 'आज हवामान सुखद आहे.' असं कोण बोलतं घरात?"

"तेही रेकॉर्ड झालं बाबा."

"होऊ दे! माणसासारखं काहीतरी होऊ दे त्यात."

ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत ते बोलत होते. मग ती खोली रिकामी झाली. त्या दिवसांबद्दल मी काही बोलणार नाही.

परत आले ते वाळलेले, गळ्याला पट्टी. ऑपरेशन चांगलं झालं होतं. दोन-तीन दिवस त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही. नंतर एका दुपारी आपणहून खुर्ची ओढली. ठमाबाई मागे येऊन उभी राहिली. एका बोटानं, अक्षरं शोधत त्यांनी टाइप केलं आणि कळ दाबली.

"अगं, ऐकलंस का?"

आवाज थोडा सपाट होता, पण तो मिस्त्रींचाच.

"आले हो, आले!" स्वयंपाकघरातून आई म्हणाली. भांडं ठेवल्याचा आवाज आला. पदराला हात पुसत ती दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली. तिनं पलंगाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, नवऱ्याच्या गळ्याच्या पट्टीकडे बघितलं.

मिस्त्रींचं बोट पुन्हा अक्षरं शोधू लागलं. ती तेवढा वेळ उभी राहिली.

"काही काम नाही. हाक मारून बघितली."

"मारा की," ती म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावत त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली.

मी अजून त्याच खिळ्यावर आहे. दोन दात झिजलेत, बाकीचे तयार आहेत. ठमाबाईचा हात आता बसलाय, आणि पत्र्याचं काम निघालं की ती आधी मलाच काढते. तुमच्याकडे काही गोल कापायचं असेल तर निःसंकोच सांगा. फक्त जरा मोठ्यानं सांगा. मिस्त्री दोन्ही हातांनी टाइप करायला शिकलेत, आणि या खोलीत दुसऱ्या कोणाला बोलायला सवड मिळेनाशी झालीय. आताही त्यांनी सुरुवात केलीच आहे, तेव्हा मी थांबतो.