पटपटताईचं तोंड

लिफ्टचं बटण दाबायचं आणि लिफ्ट यायच्या आत जिन्याने चौथा मजला गाठायचा, अशातली ती मुलगी होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. समोरच्याने तोंड उघडलं की त्याचं वाक्य तीच पुरं करायची आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं, त्यामुळे ही खोड मोडायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. घरात तर अशा दोघी होत्या, ती आणि तिची आई. दोघींच्या तावडीत सापडले होते बाबा. बाबा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे आणि बोलायचे अगदी सावकाश, काच पुसून पुढे ठेवावी तसा एकेक शब्द. घरात आपण शेवटचं अख्खं वाक्य कधी बोललो, हे त्यांनाही आठवलं नसतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. वाचनात मागे राहिलेल्या मुलांना शिकवणारी एक लहानशी संस्था होती. लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खालून येणारी इस्त्रीची वाफ, आणि खुर्च्या सगळ्या मुलांच्या मापाच्या. कॉलेजची ही मोठाली पोरं त्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसायची. प्रत्येकाला तीन मुलं वाटून दिली होती. पहिल्याच दिवशी तिने टाळ्या वाजवून "चला, पटपट, पटपट!" असं इतक्या वेळा म्हटलं की दुपारपर्यंत तिचं बारसं होऊन गेलं. पटपटताई.

संस्था चालवणाऱ्या बाईंची सगळी नोकरी शाळेत झाली होती. निवृत्त झाल्या तरी नजर वर्गातलीच होती. त्यांनी इंटर्न मंडळींना एकच नियम सांगितला. "मूल अडलं की लगेच शब्द सांगायचा नाही. मनात दहापर्यंत मोजायचं. शिकणं त्या दहांतच होतं."

पटपटताईचे दहा तीनवर संपायचे. पण तीन झाल्यावर ती शब्द सांगायची नाही हं! नियम म्हणजे नियम. आपण तोंडातून चकार शब्द काढला नाही, असं तिने शपथेवर सांगितलं असतं.

तिच्या तिघांत एक होती खार. आठ वर्षांची, किडकिडीत, फ्रॉकच्या दोन्ही खिशांत पेन्सिलींचे तुकडे भरून फिरायची म्हणून बाकीच्यांनी तिला खार केलं होतं. तिची आई खालच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची. खार पहिल्या दिवशी एकही शब्द वाचेना. दुसऱ्या आठवड्यात शब्द वाचू लागली, तिसऱ्यात वाक्यं, आणि पाचव्यात चित्रांची अख्खी गोष्ट. संस्थेच्या चार पायऱ्या होत्या, अक्षर, शब्द, वाक्य आणि गोष्ट. दर शुक्रवारी ज्याने त्याने आपल्याच मुलांची परीक्षा घेऊन तक्ता भरायचा. खारच्या रकान्यात चार आकडा लिहिताना पटपटताईचे पाय जमिनीवर नव्हते.

शेजारच्या टेबलावर कॉमर्सचा एक मुलगा बसायचा. त्याला सगळे डुलक्या म्हणत, कारण तो हनुवटी तळव्यावर ठेवून अर्धवट झोपलेला असे. त्याचा विद्यार्थी एका ओळीला पाच मिनिटं घ्यायचा आणि ह्याला त्याचा पत्ताही नसायचा. त्याची मुलं दुसऱ्या पायरीवर घुटमळत होती. पटपटताईला त्याची कीव यायची.

सहाव्या आठवड्यात बाईंनी दोन याद्या केल्या. चौथ्या पायरीवर पोचलेली मुलं संस्थेतून मोकळी. राहिलेल्यांसाठी वर्षभराचा दुपारचा वर्ग, त्यात जागा बाराच, आणि बाहेर रांग लागलेली. खार पहिल्या यादीत गेली. शिवाय समारोपाला पालकांसमोर तिने गोष्ट वाचायची आणि नंतर पटपटताईने चार शब्द बोलायचे, असंही ठरलं.

घरी जेवताना पटपटताईने ही बातमी तीन वेळा सांगितली. बाबा घास हातात धरून म्हणाले, "बाळ, ती वाचताना… नजर कुठे…"

"नजर एकदम छान आहे तिची बाबा, चष्मा नकोय तिला."

"दुकान दुकानात ठेवा हो तुमचं," आईने शिक्का मारला. बाबांनी घास तोंडात घातला.

सातव्या आठवड्याच्या सोमवारी पटपटताईची अक्कलदाढ काढावी लागली. गाल असा सुजला की आरशात बघवेना. मंगळवारी ती मास्क लावून संस्थेत आली. खारपुढे पुस्तक उघडलं. नवी गोष्ट होती, बदकाची.

खारने पुस्तकाकडे पाहिलं. मग ताईकडे. मग परत पुस्तकाकडे. मग ताईकडेच बघत राहिली.

"वाच ना," पटपटताई मास्कमधून पुटपुटली. दुखत होतं, जास्त बोलवत नव्हतं.

खार गप्प. पाच मिनिटं झाली. पटपटताईला वाटलं, स्वारी रुसली. काल आपण आलो नाही, त्याचा राग असेल. तिने मागची गोष्ट काढली, गेल्या शुक्रवारी घडाघडा वाचलेली. तरीही तेच. खारचे डोळे भरून आले आणि ती अगदी लहान आवाजात म्हणाली, "ताई, तोंडावरचं काढ ना. मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"शब्द."

पटपटताईला आधी हसू आलं. मग तिने मास्क हनुवटीखाली ओढला, पुस्तकाकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाकडे लक्ष दिलं. 'बदक' शब्दावर नजर पडताच तिचे ओठ मिटले, उघडले, हलले. आवाज नाही, फक्त ओठ. बाळाला भरवताना आईचंच तोंड उघडतं ना, तसं.

"बदक!" खार आनंदाने म्हणाली. पुस्तकात न बघता.

पटपटताईच्या पायाखालची वाळू सरकली. सात आठवडे ही पोर अक्षरं वाचतच नव्हती. पानावरचं चित्र बघायची, ताईचं तोंड बघायची, आणि दोन्ही जुळवून शब्द सांगायची. लबाडी म्हणावी तर तीही नाही. "वाचायचं म्हणजे असंच ना?" खारने विचारलं. तिला खरंच वाटत होतं की सगळे असंच वाचतात.

पटपटताईने मास्क वर केला आणि दुसऱ्या मुलांकडे वळली. त्या दिवशी तिने कुणाला काही सांगितलं नाही. बसमध्ये खिडकीशी बसून ती हिशोब मांडत राहिली. समारोपाला पहिल्या रांगेत बसायचं. ओठ हलवायचे. खार गोष्ट म्हणेल, टाळ्या पडतील, बाई पाठ थोपटतील. कुणाला कळणार होतं? शाळा सुरू झाली की खारचं काय, हा विचार ती मनात येऊ देत नव्हती, आणि तो तर तिथेच ठाण मांडून बसला होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही ती गप्पच राहिली.

संध्याकाळी आई शेजारी गेली होती. पटपटताई गालाला थंड पिशवी लावून बसली होती. जबडा उघडत नव्हता. बाबांनी ही संधी साधली असं म्हणणार नाही, तेवढे ते धूर्त नव्हते. पण समोरून कुणी काही बोललं नाही, म्हणून ते बोलत राहिले.

"बाळ, तुला त्या दिवशी सांगत होतो. दुकानात एक मुलगा आला होता. पाच-सहा वर्षांचा. अक्षरांचा तक्ता… शेवटच्या ओळीपर्यंत वाचला त्याने. धडाधड. मी त्याच्या आईला म्हटलं, डोळे उत्तम आहेत." ते थांबले. पटपटताईला वाक्य पुरं करायचं होतं, पण जबडा साथ देईना. "नंतर कळलं. नंबर यायची वाट बघत तो तासभर बाकावर बसला होता. पुढच्या माणसांचं ऐकून ऐकून… पाठ झालं होतं त्याला. त्याची नजर कुठे आहे, ते मी बघितलंच नाही. छान वाचतोय, याचाच मला आनंद." पुन्हा बराच वेळ गेला. "चष्मा एक वर्ष उशिरा लागला. ते वर्षभर तो फळ्यावरचं दिसत नाही म्हणून वर्गात बोलणी खात होता. ढ म्हणायचे त्याला. तेव्हापासून मी दर माणसाला तक्ता बदलतो."

पटपटताईच्या गालावरची पिशवी केव्हाच कोमट झाली होती. वीस वर्षांत बाबांनी अशा किती गोष्टी अर्ध्यावर गिळल्या असतील, हे मनात येऊन तिला रडू फुटलं. बाबांना वाटलं, दाढ दुखतेय. ते लगबगीने गोळी आणायला उठले.

बुधवारी ती बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढून ठेवला. "दहापर्यंत मोजत होतीस का?"

"तीनपर्यंत."

बाई रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्यांनी पहिल्या यादीतलं खारचं नाव खोडलं आणि दुपारच्या वर्गाच्या यादीत बाराव्या ओळीवर लिहिलं. तिथलं एक नाव कालच गळलं होतं, हे नशीब. "समारोपाला दुसरं कुणीतरी वाचेल. तुझं भाषणही राहू दे. आणि सूज उतरली तरी मास्क काढायचा नाही."

"बरं."

"आणि खाली तिच्या आईला तू सांगायचंस. मी येणार नाही."

खारच्या आईला सांगणं हा या सगळ्यातला सगळ्यात मोठा डोंगर होता. त्या बाईने आल्या-गेल्या गिऱ्हाइकाला पोरीचं कौतुक ऐकवलं होतं. पटपटताई इस्त्रीच्या टेबलाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "तिला वाचता येत नाहीये. तिची चूक नाही, माझी आहे." मग ओठांचं सगळं सांगितलं.

खारच्या आईने इस्त्री उभी करून ठेवली. बराच वेळ ती हातातल्या शर्टाची कॉलर सरळ करत राहिली.

"घरी वाच म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघत बसायची हो, ताई," ती शेवटी म्हणाली. "मला कुठे वाचता येतं! मला वाटलं, नाटकं करतेय. वरती येतं आणि घरी येत नाही म्हणजे काय? परवा चापट मारली मी तिला."

पटपटताई नुसती उभी राहिली. दहापर्यंत नाही, त्याहून खूप जास्त.

उरलेले दिवस जड गेले. पहिले दोन दिवस खार रडली. "मला येत नाही, मला काहीच येत नाही," म्हणून तिने पेन्सिलींचे सगळे तुकडे खिशांतून काढून टेबलावर ओतले, जणू राजीनामाच दिला. दोघी पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन बसल्या. खार अक्षरावर बोट ठेवायची आणि सवयीने वर बघायची. वर निळं कापड. मग नाइलाजाने परत खाली. पटपटताई मोजत असायची. वीस. तीस. मास्कच्या आत ओठ हलताहेत असं जाणवलं की ती दातांखाली दाबून धरायची. दाढेची जखम ठणकायची. एकदा ती पंचेचाळीसवर असताना खार म्हणाली, "घ… र. घर." आणि लगेच वर पाहिलं, बरोबर आहे का ते विचारायला. कापड काही बोललं नाही. खारने पुन्हा अक्षरांकडे पाहिलं, दोनदा बोट फिरवलं आणि स्वतःशीच मान डोलावली. डुलक्या तळव्यावरून हनुवटी न उचलता म्हणाला, "आमच्याकडे असंच असतं रोज." पटपटताईने त्याला मनोमन हात जोडले.

समारोपाला डुलक्याच्याच एका विद्यार्थ्याने गोष्ट वाचली, अडखळत, पण स्वतःची. खारच्या तक्त्यात दोन आकडा होता. पटपटताईने सतरंज्यांच्या घड्या घातल्या, खुर्च्या रचल्या, आणि खारचा हात धरून जिना उतरली. शेवटचा दिवस, म्हणून मास्क काढून पर्समध्ये ठेवला होता.

खाली इस्त्री चालू होती. "ताई, बरं झालं आलात," खारची आई म्हणाली. "मालक सकाळी दाराच्या पाटीवर काहीतरी खरडून गेलेत. लोक वाचतात आणि तिथूनच परत जातात. काय लिहिलंय हो?"

पटपटताईने पाटीकडे पाहिलं. तोंड उघडलंच होतं तिने.

"थांब!" खार ओरडली. दाराजवळच्या स्टुलावर ती चढली, एक हात लांब करून तिने ताईच्या तोंडावर तळवा घट्ट दाबला आणि पाटीकडे मान वळवली.

तळव्याला पेन्सिलीचा वास येत होता. पटपटताई मोजू लागली. सतरावर आलं, "क… प… कपडे." पुढचा शब्द यायला फार वेळ लागला. दारात एक गिऱ्हाईक येऊन थांबलं, त्यालाही काय कळलं कोण जाणे, ते गप्प उभं राहिलं. खारच्या आईने इस्त्री हवेतच धरली होती.

"उ… द्या. उद्या." खारने मोठा श्वास घेतला. "मि… ळ… मिळतील. कपडे उद्या मिळतील!"

"बरोबर आहे का, ताई?" आईने विचारलं.

पटपटताईला बोलता येत नव्हतं, तोंडावर हात होता. तिने फक्त मान हलवली.