एक घर पुढे

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "आज परीक्षा आहे तुझी."

"दोनच दात लावते बाबा, आणि निघते."

"आणि नखात मेण घेऊन जाशील? परीक्षक काय म्हणतील?"

मी हात मागे घेतला. टेबलावर कुणा आजोबांची वरची कवळी अर्धी झाली होती. गुलाबी मेणात समोरचे दात लागले होते आणि दाढा बशीत पडून होत्या. माझी बोटं शिवशिवत होती. आमच्या घरात मला कशालाही मनाई नव्हती. उशिरा ये, आईशी भांड, पंखा जोरात लाव, चालतं. फक्त बाबांच्या त्या टेबलाशी बसायचं नाही.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या घराचं मात्र दात कोरूनच भरलं. बाबा कवळ्या करतात. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, बाबा त्यात प्लास्टर ओततात, मेण चढवतात, दात लावतात, शिजवतात, घासतात. कवळी बसली की डॉक्टरांचा हात चांगला. टोचली की लॅबवाला गाढव. फोनवर मग "हो डॉक्टर, चुकलंच डॉक्टर, संध्याकाळी पाठवतो डॉक्टर" असं चालतं. आई स्वयंपाकघरातून म्हणते, "त्यांनी माप वाकडं घेतलं आणि चुकलं यांचं!" बाबा फोनवर हात ठेवून तिला गप्प करतात.

त्यामुळे मी डॉक्टर व्हायचं, हे मी पाळण्यात असतानाच ठरलं. "तू मापं घे, मी कवळ्या करतो. कुणाची बोलणी नकोत," हे बाबांचं स्वप्न. त्यात वाईट काय आहे? काहीच नाही. तीच तर पंचाईत आहे. बाप दुष्ट असता तर भांडता तरी आलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

माझं दुखणं अगदी साधं आहे. मला दात आवडतात, तोंडं आवडत नाहीत. कॉलेजात मेणात दात उभा करताना मला तहानभुकेची शुद्ध राहत नाही. पण जिवंत माणसाने माझ्यासमोर आ केला, की त्याची जीभ, त्याची भीती, माझ्या मनगटाला लागणारा त्याचा श्वास, सगळं अंगावर येतं. मी तोंड मिटायची वाट बघत राहते. असल्या डॉक्टरकडे मी तरी जाईन का?

हे बाबांना सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले, "होईल सवय." लग्नापासून नोकरीपर्यंत सगळ्या जगाला लोक हेच सांगतात.

आणि मध्येच हा विषय आडवा पडला होता, जनरल पॅथॉलॉजी. म्हणजे अख्ख्या शरीराचे रोग. सूज कशी येते, मांस कसं मरतं, रक्त नळीत कसं गोठतं, यकृतात चरबी कशी साठते. दातांच्या डॉक्टरला यकृत कशाला, असं पहिल्या दिवशी मी सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, "कारण दात माणसाला लागलेले असतात, टेबलाला नाही." वर्ग हसला, सरही हसले. आमच्या घरी ते टेबलालाच लागलेले असतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

या विषयात मी दोनदा प्रामाणिकपणे नापास झाले. ही तिसरी खेप, आणि नियमाने शेवटची. यात गेले की कॉलेजातून कायमची बाहेर. गंमत अशी, की तिसऱ्यांदा वाचताना तो विषय माझ्या अंगात मुरला. लेखी पेपर झकास गेला. प्रॅक्टिकलमध्ये मात्र वेगळं पास व्हावं लागतं, आणि ते अजून व्हायचं होतं.

गेल्या आठवड्यात बाबा मला एक खोली दाखवायला घेऊन गेले. औषधांच्या दुकानावरची, एका खिडकीची खोली. "इथे खुर्ची येईल," ते म्हणाले. "इथे हात धुवायचं. इथे बाहेर लोक बसतील." खिडकी दोन्ही हातांनी उघडून दाखवायला गेले, ती उघडेना. त्यांनी खांदा लावला तरी उघडेना. "रंग बसलाय, होईल," म्हणाले. मी त्या खोलीच्या मधोमध उभी होते. आयुष्यभर इथे. रोज. एकामागून एक आ.

तिथेच मी ठरवलं. प्रॅक्टिकलला मुद्दाम नापास व्हायचं. बाबा रडतील, महिनाभर बोलणार नाहीत. मग कधीतरी काम तुंबेल, त्यांच्या एकट्याच्याने उरकणार नाही आणि ते म्हणतील, "बस बाई इथे." मला एवढंच हवं होतं.

"जा," आई दारात म्हणाली. "आणि ते यकृत-बिकृत एकदाचं निकालात काढ. तुझ्या त्या पॅथॉलॉजीपायी माझंच यकृत सुजलंय."

परीक्षेच्या हॉलमध्ये सूक्ष्मदर्शकं ओळीने मांडलेली असतात. प्रत्येकाखाली एक काच, तिच्यावर मांसाचा पातळ काप. बघायचं, काय दिसतं ते उत्तरपत्रिकेवरच्या चौकटीत लिहायचं, घंटा झाली की पुढच्या खुर्चीवर सरकायचं. खरं तर काचेतून कुणी बघतच नाही. त्या काचा आमच्या आधीच्या पिढ्यांनी पाठ केलेल्या आहेत. कोपऱ्याला तडा गेलेली, ते चरबी साठलेलं यकृत. चिठ्ठी उलटी चिकटवलेली तो क्षय. शाईचा डाग पडलेली, ते गोठलेलं रक्त. मोठ्या वर्गातल्या मुली लहान वर्गाला हे ज्ञान असं देतात, जसं काही घराण्याचे दागिनेच.

मी मात्र त्या दिवशी सगळ्या काचांतून नीट पाहिलं. शेवटचंच बघायचं, म्हणून. खरं सांगते, सुंदर दिसतं ते. मेलेलं मांससुद्धा गुलाबी आणि जांभळं, नक्षी काढल्यासारखं.

आता चुकायचं कसं? कोरी पत्रिका दिली तर सर बोलावून विचारतील, तब्येत बरी आहे का म्हणून. काहीतरी बाष्कळ लिहावं, तर हात वळेना. तीन वर्षं ज्याच्याशी झुंजले, त्याच्याबद्दल वेड्यासारखं लिहायची लाज वाटली. मग मला युक्ती सुचली. यकृताचं उत्तर मी क्षयाच्या चौकटीत लिहिलं, क्षयाचं गोठलेल्या रक्ताच्या चौकटीत, आणि असं प्रत्येक उत्तर एक घर पुढे ढकललं. पहिल्या चौकटीत शेवटचं घातलं. सगळी चूक, एकही बरोबर नाही. पत्रिका देताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. मेलं, तेच नडलं.

मग तोंडी परीक्षा. आमचे सर आणि बाहेरून आलेल्या एक बाई. बाईंनी माझा कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "सूज आल्याची लक्षणं सांग बघू."

हा प्रश्न म्हणजे बालवाडी. लाल होतं, गरम होतं, फुगतं, दुखतं आणि तो भाग कामातून जातो. झोपेत विचारलं तरी सांगेन. उत्तर माझ्या ओठांशी येऊन उभं राहिलं आणि मी दातांखाली जीभ धरून बसले. उत्तर येत नसताना गप्प बसणं सोपं असतं, ते मी दोन वर्षं केलं होतं. येत असताना गप्प बसायला अंगात फार ताकद लागते. कानशिलं तापली.

"आठव," सर म्हणाले. "घाई नाही."

"माहीत नाही सर."

बाईंनी बरणीतलं मूत्रपिंड पुढे सरकवलं. "हे काय आहे?"

"माहीत नाही."

"बाळ, पाणी पी," बाई म्हणाल्या. मी प्यायले. त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या, मी आणखी दोनदा नाही म्हणाले. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त वाईट वाटत होतं. मला त्यांच्या गळ्यात पडून सांगावंसं वाटलं, की बाई, तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका, माझं उत्तम चाललंय.

बाहेर आले आणि मोठ्याने श्वास घेतला. सुटले! बाकावर एक मुलगी हुंदके देत होती. तिला रुमाल दिला. घरी जाऊन आधी रडायचं की आधी बोलायचं, याची मनात जुळवाजुळव करत बसले.

शेवटच्या मुलीची तोंडी संपली, तेव्हा सर बाहेर आले. मला बघून हसले. त्यांना हसताना मी त्या यकृताच्या दिवसानंतर पाहिलंच नव्हतं.

"अगं वेडाबाई, केवढी घाबरलीस! सगळी पत्रिका एक घर सरकवलीस की."

"सर?"

"मी आधी म्हटलं, हिला काहीच कसं येत नाही? मग शेजारच्या चौकटीत बघितलं. एकूण एक बरोबर! उत्तरं सगळी बरोबर आणि चौकटी चुकलेल्या. बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, मुलीला विषय येतोय, धसक्याने वाचा बसलीय. शेवटची संधी आहे, आपण कशाला पोरीचं नशीब मोडायचं?"

"सर, पण तोंडीत मी एकही उत्तर दिलं नाही."

"बाईंनीच सांभाळून घेतलं. जा, निवांत जेव."

"सर," मी म्हणाले, "मला नापास करा."

ते आत वळले होते, परत फिरले.

"खरंच सांगते सर. नियमाने चूक ते चूक. मला नापास करा. पाया पडते."

सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अगदी मायेने. "होतं असं," ते म्हणाले. "फार ताण घेतला की माणूस असं बरळतं. माझ्या सासूबाईंची कवळी तुझ्या वडिलांनीच केलीय, माहितीये? त्यांना मी आत्ताच फोन केलाय. निकाल लागेल तेव्हा लागेल म्हटलं, पण काळजी करू नका. हो डॉक्टर, हो डॉक्टर, एवढंच म्हणत राहिले ते."

इकडे आड, तिकडे विहीर असं आपण म्हणतो. मी आडातून चढून वर आले होते आणि काठावरच्या चांगल्या माणसांनी, पोरगी बुडतेय समजून, मला हात धरून पुन्हा आत नेऊन सोडलं होतं. रागवायचं तरी कुणावर?

चालत घरी गेले. वाटेत वाक्यं जुळवली. मुद्दाम चुकले, हे सांगायचं. खोली नको म्हणायचं. रडायचं नाही. जिन्यातच आई भेटली, माझे गाल दाबून म्हणाली, "माझ्या यकृताची सूज उतरली गं एकदाची!" आणि पदराने डोळे पुसत आत पळाली.

बाबा टेबलाशी होते. मी दारात आले आणि ते उठून उभे राहिले.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, जवळ घेणार. पण ते तिथेच उभे, हात पुसत, खांदे जरासे वाकवून. असे ते डॉक्टर दारात आले की उठतात. डॉक्टर जाईपर्यंत बसत नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात, तरी बसत नाहीत. माझ्यासाठी ते जन्मात कधी असे उठले नव्हते.

त्यांनी कोपऱ्यातली चांगली खुर्ची ओढली, खांद्यावरच्या टॉवेलने पुसली आणि माझ्यासमोर ठेवली.

"बसा, डॉक्टर."

आई आतून हसली. "अहो, लेकीला काय अहोजाहो!"

बाबा हसले नाहीत. "मग? घरच्यांनीच मान दिला नाही, तर बाहेरचे काय देणार?"

"बाबा," मी म्हणाले, "मला खुर्ची नको. मला तुमच्या शेजारी बसायचंय. कायमचं. मला फक्त दात लावायचेत बाबा, मला दुसरं काही नको."

"लावाल की," ते म्हणाले. त्यांचे डोळे गच्च भरले होते. "माणसांना लावाल. मी कवळी देईन, तुम्ही लावाल."

मुद्दाम चुकले, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. सकाळी सुजेची लक्षणं होती ना, तसेच. मी बाबांकडे पाहिलं. एका हाताने त्यांनी टेबलाची कड धरली होती. उजवा गुडघा थरथरत होता.

"तुम्ही आधी बसा बाबा."

"असं कसं? डॉक्टर उभे असताना मी कसा बसू?"

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात येऊन थांबली. बाबा तसेच उभे, खुर्चीकडे हात करून.

मी बसले. मग बाबा बसले.