सिद्धरामची पाठ

किल्लारीच्या सिद्धरामला एक खोड होती. काही झालं तरी पाठ टेकवायची नाही. कुस्तीगिराची ही खोड म्हणावी की धर्म, तुम्हीच ठरवा. वडील आप्पासाहेब गावच्या तालमीचे वस्ताद. पोराला चालता येण्याआधीच त्यांनी त्याला शिकवलं होतं, पाठ लागली की खेळ खलास.

पुढे लातूरच्या शाळेत पीटीचे सर झाल्यावर सिद्धराम संध्याकाळी एका हॉलात जिउ-जित्सू, म्हणजे गळा नाहीतर सांधा आवळून शरण आणायची जपानी धाटणीची कुस्ती, शिकायला जाऊ लागला. शिकवणारी मृण्मयी, वयानं लहान, अंगानं निम्मी आणि जिभेनं दुप्पट. बाकी सगळं त्याला झटक्यात आलं, पण गिलोटिन नावाचा डाव आला की घोडं पेंड खायचं. डाव तसा सोपा. समोरचा गडी पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, मुंडकं खाली घालून घुसला की ते काखेत पकडायचं, मनगट त्याच्या हनुवटीखाली सरकवायचं, दोन्ही हात जुळवायचे आणि सरळ मागे पडून पायांनी कमरेला विळखा घालायचा. गळा असा आवळला जातो की गडी थोपटून शरण येतो. सिद्धराम सगळं करायचा, फक्त पडायचा नाही. उभ्या उभ्या दाबत बसायचा, हातांना गोळे यायचे आणि समोरचा आरामात निसटायचा.

“सर, पडा ना!” मृण्मयी ओरडायची.

“पडायलोच की, मॅडम.”

“कुठं? नुसता गुडघा टेकलाय! पाठ टेकवायला काय जीएसटी लागतो का?”

सगळे हसायचे, तोही हसायचा. पण मनातून ओशाळायचा. चांगला धडधाकट माणूस आणि साधं आडवं व्हायला घाबरतो!

नांदेडला स्पर्धा ठरली आणि आप्पा म्हणाले, मीबी येतो.

“बघतो तरी काय खेळ हाय. पर ध्यानात ठेव सिद्ध्या, पाठ लागली तर त्या हॉलात परत पाय ठेवायचा न्हाई. गुमान तालमीत यायचं.”

सिद्धराम “हाव” म्हणाला. आप्पांना नाही म्हणायची त्या घरात रीतच नव्हती. आली का पंचाईत! त्या हॉलवर तर त्याचा जीव जडला होता. त्यानं मृण्मयीला सगळं सांगितलं.

नांदेडात फायनलला गाठ पडली वरदशी. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं पोरगं, उंच आणि वळवळ्या अंगाचं. वरद गुणांनी पुढे होता. वेळ संपत आली तसा तो मुंडकं घालून घुसला आणि मान आयतीच सिद्धरामच्या काखेत आली. त्यानं हात जुळवले, दाबलं. नेहमीसारखंच उभ्या उभ्या. वरदची मान हळूहळू सुटू लागली.

सिद्धरामनं कडेला पाहिलं. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी मृण्मयी ओठ दाबून उभी होती. पहिल्या रांगेत आप्पा दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. न पडता हरलो तर हॉल राहतो, पडलो तर जिंकूनही जातो. त्याला लई वाईट वाटलं. मग स्वतःचाच राग आला. हॉल सुटायचा तर सुटो, पण एकदा तरी डाव पुरता खेळून सुटो!

“माफ करा, आप्पा,” तो पुटपुटला आणि धाडकन मागे पडला.

“मेलास की रं!” आप्पांचा आवाज हॉलभर घुमला.

सिद्धरामनं पायांचा विळखा घातला, छाती वर काढली आणि आवळलं. वरदनं पटापट थोपटलं. पंचानं सिद्धरामचा हात वर केला, टाळ्या पडल्या, तरी तो मान खाली घालूनच आप्पांपुढे आला.

“पाठ लागली, आप्पा.”

“दिसलं की. डोळे हायत मला.” आप्पा घुश्शातच होते. “मग हात तुजा का वर केला?”

“त्यानं हार मानली म्हणून.”

“पाठ तुजी लागली आन् हरला त्यो?”

“हाव.”

आप्पांनी मान चोळत बसलेल्या वरदकडे निरखून पाहिलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मृण्मयीच्या हातात दिली, चपला बाजूला सारल्या आणि मॅटवर आले. आधी बसले. मग हाताचा टेकू घेत हळूहळू, सगळ्यांच्या देखत, उताणे झाले.

“आता बघत काय हुभा ऱ्हायलास?” ते पडल्या पडल्या म्हणाले. “मुंडकं घाल हिकडं. मनगट कुठून सरकवायचं, ते दाव.”