गाडीभाडे वजा जाता

दोघेही पटाकडे पाहत होते आणि कोणीच बोलत नव्हते. वसाहतीच्या मागच्या फाटकाशी, पाइनखालच्या बाकावर, बादुक या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या कोरियन खेळाचा, गिंकोच्या एकसंध लाकडाचा तो पट आपल्या चार बुटक्या पायांवर बसला होता. समोरच्या तरुणाने त्यावरून तळहात फिरवला होता आणि मग, लाकडाला ताप असावा तसा, तो हात मागे घेतला होता.

गु बोन-सॉक यांना ही शांतता ओळखीची होती. भाव पाडायला आलेला माणूस आधी तोंड मिटतो.

देजॉनच्या भूमापन कार्यालयातून निवृत्त झाल्यावर गु यांनी आयुष्यात एकच बढती मिळवली होती: जुन्या वस्तूंच्या ॲपवर त्यांच्या सभ्यतेचे तापमान एकसष्ट अंश होते. तिथे प्रत्येकाची सुरुवात अंगाच्या उबेने, साडेछत्तीसने होते आणि चांगल्या व्यवहारागणिक आकडा चढतो. एकसष्ट अंशांचा माणूस घरी असता तर दगावला असता; ॲपवर तो सज्जन ठरतो. आणि सज्जनांचे नियम सोपे असतात. घासाघीस करायची ती चॅटवर, चार वेळा माफी मागून. भाव एकदा ठरला की प्रत्यक्ष भेटीत तो पुन्हा काढणे म्हणजे पंगतीत बसल्यावर यजमानाच्या ताटांची किंमत विचारणे. विकणाऱ्यानेही, वस्तूचे पुढे काय होणार, हे विचारायचे नाही. विकले, हक्क संपला.

नेमके तेवढेच गु यांना विचारायचे होते. शनिवारी ते लेकीकडे राहायला जाणार होते; तिथल्या खोलीत एक पलंग आणि एक म्हातारा एवढीच सोय होती. पट जाणार, हे ठरलेलेच होते. तो खेळणाऱ्याच्या घरी जावा, एवढेच मागणे उरले होते.

"साहेब," थाक ह्यॉन-जून नावाचा तो तरुण अखेर म्हणाला, "हे खळगे फोटोत दिसले नव्हते."

"सोंगट्या ठेवून ठेवून पडतात."

"म्हणजे बराच वापरलेला आहे."

"जुन्या वस्तूंच्या ॲपवर कोरा शोधत होतात का?"

"तसं नाही हो. पण मी चनानहून आलोय, दोन बस बदलून. निदान गाडीभाडं तरी वजा करा."

"चॅटवर तुम्हीच लिहिलंत, घासाघीस नाही, झटपट व्यवहार. वर तीन हसरे चेहरे टाकलेत."

"ते भावासाठी नव्हते, साहेब. आदरासाठी होते."

आता संतापायला हवे होते. पण तरुणाचे बोट कोपऱ्याजवळच्या तिसऱ्या खळग्यात टेकले होते, आणि तो खळगा गु यांचा नव्हता. तीस वर्षांपूर्वी ओकचनमधल्या एका विधवेच्या ओट्यावर, त्याच खळग्यात बोट घालून, त्यांनी हेच वाक्य म्हटले होते, गाडीभाड्यासकट. तेव्हा सभ्यता मोजायचे यंत्र निघाले नव्हते, हे त्यांचे नशीब. बाईने मुकाट्याने भाव उतरवला, पट जुन्या दुलईत बांधून दिला आणि फाटकापाशी येऊन काहीतरी विचारले. गु यांना बस गाठायची होती. त्यांनी ऐकले, आणि न ऐकल्यासारखे केले. वाचलेल्या पैशांत त्यांनी दोन वाट्या शेवया खाल्ल्या, आणि तो पराक्रम कचेरीत वर्षभर सांगितला.

"किती झालं भाडं?"

"वीस हजार वॉन."

"चनानहून? विमानानं आलात?"

"येणं-जाणं धरून. शिवाय परतीला पटाचं वेगळं तिकीट मागतील."

"बरं. वीस वजा."

इतक्या सहज जिंकलेला माणूस सुखी नसतो. आपण कमी मागितले, या शंकेने तो पोखरला जातो. "तसे तीसही होतात," तरुण पुटपुटला.

"तीस वजा. पण वरच्या दहांच्या बदल्यात मी एक प्रश्न विचारणार."

"विचारा ना."

"आधी पैसे पाठवा. क्रम पाळू."

गु यांच्या खिशात फोन किणकिणला. तरुणाने पट उचलून छातीशी धरला. तो वाटला होता त्याहून जड निघाला, आणि तरुणाची हनुवटी रेषांवर टेकली.

"यावर खेळणार ना तुम्ही?" गु यांनी ओकचनच्या त्या बाईच्याच शब्दांत विचारले.

तरुणाने पटावरून त्यांच्याकडे पाहिले, मग रस्त्याकडे. थांबा रिकामा होता, बसचा पत्ता नव्हता. तरी तो घाईघाईने निघाला.